क्विरिनोची चार पत्रं

मला गावात तिखट जिभेची म्हणतात. म्हणोत बापडे. रोक्कामारात छापखाना एकच, तो माझा, आणि ज्या गावात एकच छापखाना असतो तिथे छापणारीच्या जिभेशी कुणी पंगा घेत नाही. माझा नवरा अमेदेओ गेला तेव्हा सगळे शहाणे दारात आले. एर्सिलिया, यंत्र विकून टाक, छपाईचे खिळे जुळवणं बाईमाणसाचं काम नव्हे. मी म्हटलं, मग तुमच्या घरच्या मरणाचे कागद कोण छापणार, तुमची सासू? गप गेले सगळे.

कारण आमच्याकडे मरण कागदावाचून होत नाही. माणूस गेलं की काळ्या चौकटीचा कागद छापायचा. नाव, वय, कुणाची कोण, प्रार्थना कधी. कोपऱ्यात फौजदाराचा शिक्का घ्यायचा आणि कारंज्याशेजारच्या भिंतीवर खळ लावून डकवायचा. कागद लागला की घंटा वाजते. घंटा वाजली की शेजारणी पातेली घेऊन निघतात, कारण दुःखाच्या घरात तीन दिवस चूल पेटवायची नसते. आणि कागद लागला नाही तर काहीच होत नाही. प्रेत घरात पडलेलं असलं तरी लोक दारावरून जाताना ‘तब्येत कशी आहे’ असंच विचारतात.

सेराफिना माझी समोरची शेजारीण. तिच्या थोरल्या पोराच्या, क्विरिनोच्या, बाप्तिस्म्याला मीच त्याला हातावर घेतलं होतं, तेव्हापासून मी त्याची धर्ममाय, आणि त्या नात्याने ती मला कोमारे म्हणायची आणि मी तिला. मला मूलबाळ नाही. त्यामुळे क्विरिनो निम्मा माझ्या स्वयंपाकघरात वाढला, आणि धाकटा व्हीतो त्याच्या मागे मागे. त्यांचा बाप खाणीत मेला तेव्हा क्विरिनो दहाचा होता. दहाव्या वर्षी तो घरातला कर्ता झाला आणि आईला ‘म्हातारे’ म्हणायला लागला. तीही हसून ओ द्यायची.

सदतीस सालच्या जानेवारीत तो गाव सोडून गेला. पक्षाच्या कचेरीत नाव दिलं, आफ्रिकेत रस्ते बांधायचं काम म्हणून. बंदरावरून एक ओळीचं कार्ड आलं, पुढे काही नाही. एप्रिलमध्ये शेजारच्या गावचा तुल्लियो परत आला. डावा हात कोपरापासून गायब. तो सरळ सेराफिनाच्या स्वयंपाकघरात गेला, टोपी काढली आणि म्हणाला, मावशी, आफ्रिका-बिफ्रिका काही नाही, आम्हाला स्पेनमध्ये उतरवलं, लढाईवर. मार्चमध्ये चिखलात. क्विरिनो माझ्या शेजारी होता. त्याला तिथेच पुरला.

तासाभरात सेराफिना माझ्या दारात उभी. डोक्यावर काळी शाल. रडत नव्हती.

“कोमारे, माझ्या क्विरीचा कागद छाप.”

मी तिला पोटाशी धरलं. दोघी तिथेच जमिनीवर बसलो आणि मग मात्र रडलो. मग मी उठले, खिळे जुळवले, एक प्रत काढली आणि शिक्क्यासाठी फौजदाराकडे गेले. प्रॉस्पेरी त्याचं नाव. उत्तरेकडचा माणूस, सदा दाढ दुखायची, वाईट नव्हता. कागद वाचला आणि त्याचा चेहरा उतरला.

“एर्सिलियाबाई, हे काय घेऊन आलात?”

“दिसतंय की. मेल्याचा कागद.”

“कोण म्हणतं मेला?”

“जो शेजारी होता तो म्हणतो.”

“तो तुल्लियो? त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्याला दुपारीच इस्पितळात पाठवलंय, लांबच्या.” त्याने गालावर हात दाबला. “हे बघा, रोमहून यादी येते. यादीत नाव नाही तोवर कुणी मेलेलं नाही. मी शिक्का मारू शकत नाही.”

“मग पोरगं आहे कुठे?”

“आफ्रिकेत. रस्ते बांधतंय.”

मी त्याला काय काय बोलले ते इथे सांगत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी हळूच म्हणाला, बाई, छापखान्याचा परवाना दरवर्षी माझ्याच टेबलावरून जातो, विसरू नका. मी घरी आले, खिळे सोडवले, परत खणांत टाकले. सेराफिनाला सांगितलं, शिक्का नाही, कोमारे. शिक्क्याशिवाय मी नाही छापू शकत.

ती घरी गेली आणि चूल विझवली. तीन दिवस चूल बंद ठेवून बसली, आणि कुणी म्हणता कुणी पातेलं घेऊन आलं नाही. घंटा नव्हती, कागद नव्हता, कोण येणार? सगळ्यांना ठाऊक होतं, तुल्लियो काय म्हणाला ते दुपारपर्यंत गावभर झालं होतं. पण जाऊन काय म्हणायचं, आणि कुणी जाताना पाहिलं तर? मी मागच्या दाराने रस्सा पाठवला, भांड्यावर फडकं झाकून. माझी तेवढीच हिंमत. धर्ममाय म्हणे मी त्याची!

मे महिन्यात पक्षाचा चिटणीस स्काल्झी छापखान्यात आला. याचा बाप खेचरांचा व्यापारी, हा शहरात वकिलीत नापास झाला आणि पक्षाचा काळा सदरा घालून परत आला. बुटांना तेल एवढं की वास आधी यायचा आणि माणूस नंतर. पक्षाच्या कचेरीबाहेर एक फळी होती, तिच्यावर दर शनिवारी माझ्याकडे छापलेलं पान लागायचं, आणि संध्याकाळी तेच पान चौकातल्या भोंग्यावरून वाचलं जायचं. शनिवारी सगळ्यांनी चौकात हजर असायचं, हा हुकूमच होता.

“गावात कुजबुज चाललीय, एर्सिलियाबाई,” तो म्हणाला. “कुणी नाव द्यायला येत नाही. आईबाप पोरांना शेतात लपवतात. त्या थोट्या तुल्लियोने सगळी घाण केली. तेव्हा आपण आपल्या पोरांची पत्रं छापणार आहोत. ही पहिली.”

कागदावर लिहिलं होतं, रोमन सूर्याच्या तळपत्या तेजात, महान नेते दूचे यांच्या पोलादी इच्छाशक्तीने प्रेरित होऊन, मी नव्या साम्राज्याचा पाया रचतो आहे. खाली नाव, क्विरिनोचं.

मी नाव दोनदा वाचलं. आणि काय सांगू, त्याच वेळी हसूही आलं.

“हा क्विरिनो?” मी म्हटलं. “त्याला पोलादी इच्छाशक्ती म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, कुठल्या नांगराला बसते? तिसरीत दोनदा बसला होता तो. हे भोंग्यावर वाचाल तर चौकातली कुत्रीसुद्धा हसतील.”

स्काल्झीने खुर्ची ओढली आणि बसला.

“मग तुम्ही सांगा. तो कसं लिहील?”

“मी कशाला सांगू?”

“कारण लोक हसले तर मला शोधावं लागेल, कुणी हसवलं. आणि ती बिचारी बाई. तिला थोडं बरं वाटू द्या की. तुमचीच मैत्रीण ना?”

परवान्याचा विषय त्याने काढला नाही. काढायची गरज नव्हती.

आता खरं सांगते. भीती वाटली, ती तर होतीच. सेराफिनाला बरं वाटेल असंही मनात आलं. पण तिसरी गोष्टही होती, ती मी कबुलीजबाबात पाद्रीबाबालाही सांगितली नाही. मला ते करावंसं वाटलं. तो पोरगा कसा बोलायचा ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी कागदाकडे न बघता सरळ खिळे उचलायला लागले आणि तो माझ्या कानात बोलायला लागला. ‘म्हातारे, मी बरा आहे. इथली भाकरी म्हणजे वीट, पण पोट भरतं. रस्ता रोज थोडा पुढे जातो. ऊन फार, माझं नाक सोललंय, व्हीतो बघेल तर टमाटा म्हणेल. राणीसाहेबांना डाव्या बाजूने दोहू नकोस, लाथ घालतील. आधी कानामागे खाजव.’

राणीसाहेब म्हणजे त्यांची बकरी. माझी खिडकी त्यांच्या गोठ्यावर उघडते. रोज सकाळी मी त्याला ऐकायचे, बकरीची मनधरणी करताना.

पत्र जुळवून झालं तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि स्काल्झी मागे उभा राहून म्हणत होता, उत्तम, उत्तम. दूचेंचं नाव फक्त शेवटी एकदा घाला.

शनिवारी भोंग्यावरून ते वाचलं गेलं. मी खांबामागे उभी होते. ‘नाक सोललंय’ला लोक हसले. मोकळं हसले, किती दिवसांनी. आणि बकरीची ओळ आली तेव्हा सेराफिनाने किंकाळी फोडली.

“क्विरी! हा माझा क्विरी! हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही!”

तिने शाल डोक्यावरून ओढून काढली आणि तिथेच पायाखाली टाकली. बायकांनी तिला मिठ्या मारल्या. एप्रिलमध्ये ज्या रस्सा घेऊन आल्या नव्हत्या त्याच सगळ्या. मग गर्दीतून वाट काढत ती माझ्याकडे आली, माझे शाईने काळे झालेले हात धरले आणि त्यांचं चुंबन घेतलं.

“कोमारे, तू छापलंस! तुझ्या हाताने छापलंस! खरं ना गं? तू डोळ्यांनी पत्र पाहिलंस ना?”

बाजूला स्काल्झी उभा होता, बोटाने टोपी गोल फिरवत.

“पाहिलं,” मी म्हटलं. “खरं.”

तेव्हा जीभ झडायला हवी होती माझी.

ती मूळ पत्र मागायला कचेरीत गेली. स्काल्झी म्हणाला, ते प्रांताच्या शहरात प्रदर्शनाला लावलंय, काचेखाली. तिला केवढा अभिमान वाटला! तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हस्ताक्षर बघितलं काय न बघितलं काय. छापील पान मात्र तिने फळीवरून सोडवून घेतलं आणि घडी करून पलंगावरच्या येशूच्या तसबिरीमागे ठेवलं.

जूनमध्ये दुसरं पत्र, जुलैमध्ये तिसरं. आता स्काल्झी मसुदासुद्धा आणायचा नाही. दोन ओळी सांगायचा, काय काय यायला हवं ते, आणि पाय पसरून बसायचा. मी जुळवायचे. दुसऱ्यात त्याला ताप येऊन गेला, म्हणजे सेराफिना मेणबत्त्या लावेल. तिसऱ्यात त्याच्या टोळीचा मुकादम त्याच्यावर खूश झाला. लोक शनिवारची वाट बघायला लागले. इतर आयाही विचारायला लागल्या, आमच्या पोराचं पत्र कधी? त्यांचीही छापली गेली, पण ती स्काल्झीच्या भाषेतली, कारण ती पोरं मला तितकी ठाऊक नव्हती. त्या पत्रांना कुणी हसलं नाही, रडलंही नाही. नाव द्यायला पाच-सहा पोरं मात्र गेली. का जाणार नाहीत? क्विरिनो मजेत होता ना.

आणि सेराफिना! सेराफिना भरली. गालावर मांस आलं. सकाळी गोठ्यात ती बकरीच्या कानामागे खाजवायची आणि मोठ्याने म्हणायची, तुझ्या धन्याचा हुकूम आहे बाई, लाथ मारू नकोस. मी खिडकी लावून घ्यायला लागले. ऐन जुलैत, उकाड्यात, खिडकी बंद.

ऑगस्टमध्ये स्काल्झी म्हणाला, “चौथ्यात धाकट्याला बोलवून घ्या.”

“कुणाला?”

“व्हीतोला. एकोणीसचा झालाय, धडधाकट आहे. वरून आकडा आलाय मला, तो भरायचाय. भावाने बोलावलं तर शोभेल. गावालाही उदाहरण.”

“ती विधवा आहे. एक गेला...” मी जीभ चावली.

“कोण गेला?” त्याने अगदी सौम्य आवाजात विचारलं. “कुठे गेला, एर्सिलियाबाई?”

मी खिळ्यांच्या खणाकडे वळले. आणि स्वतःला समजावलं. एर्सिलिया, लिही, काही बिघडत नाही. उरलेलं एकुलतं एक पोर कुठली आई सोडते? ती हसेल, म्हणेल, क्विरी वेडा झालाय, मग बकरी कोण चारणार, लाकडं कोण फोडणार? मी तिला तीस वर्षं ओळखत होते. पैज लावली असती. म्हणून मी ओळ जुळवली, आणि बरी जुळवली. ‘त्या उनाडाला इकडे धाड म्हातारे, मला इथे कुणी आपलं नाही, रात्री फार एकटं वाटतं.’

माझी चूक ती. मला वाटलं, ती उरलेल्याला धरून ठेवेल. माझ्या कसं लक्षात आलं नाही की एकदा मेलेलं पोर जिला परत मिळालंय, ती त्याला एकटं कसं ठेवेल? भोंगा थांबायच्या आत तिने व्हीतोचा दंड धरला होता.

“ऐकलंस? दादाला एकटं वाटतंय. असं तो कधी म्हणत नाही. तू जायचंस.”

व्हीतोने सोमवारी नाव दिलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी, संध्याकाळी साडेपाचच्या मोटारीने त्याला निघायचं होतं. सकाळी मी त्यांच्या घरी गेले. ठरवून गेले होते, सांगायचंच. सेराफिना पिशवी भरत होती. लोकरीचे मोजे चार जोड, दोन थोरल्याचे आणि दोन धाकट्याचे. चीज फडक्यात बांधलेलं.

“आफ्रिकेत लोकरीचे मोजे?” मी म्हटलं.

“रात्री गार पडत असेल. तुला काय कळतंय, तू कधी गेलीस आफ्रिकेला?” ती हसली. “बस की. अशी काय उभी, पोस्टमनसारखी?”

व्हीतो उंबऱ्यावर बूट घासत होता, शीळ घालत. त्याचे कान पहिल्यापासून मोठे, मागून बघितलं की अजून पोरच वाटायचा.

“कोमारे,” मी म्हटलं, “नको पाठवूस त्याला.”

“का गं?”

अख्ख्या गावाला फाडून खाणारी माझी जीभ, टाळूला चिकटली. ती माझ्याकडे बघत होती, हातात मोजे. मी म्हटलं, “तुला एकटीला जड जाईल.”

“दोघं मिळून येतील की परत. मग नाही जाणार जड.”

मी घरी आले आणि स्वतःच्या तोंडात मारून घेतली. खरंच मारली, दोनदा.

तोंडाला जमत नव्हतं ते हातांना जमेल असं वाटलं. दुपारी दोन ते चार रोक्कामारात चिटपाखरू नसतं. खिडक्या बंद, सगळे आडवे झालेले, फौजदार पण. मी दार आतून लावलं. काळी चौकट काढली, रुळाला शाई लावली. ‘क्विरिनो, वय चोवीस, सेराफिनाचा मुलगा, व्हीतोचा भाऊ. मार्च १९३७ मध्ये स्पेनच्या लढाईत मारला गेला.’ प्रार्थनेची वेळ घातली नाही, कोण करणार होतं प्रार्थना? पण एक ओळ खाली जोडली, ‘त्याच्या नावाची चारही पत्रं खोटी आहेत.’ आणि छापणारीचं नाव, पूर्ण. एकच प्रत काढली. खळीची बादली घेतली, भर उन्हात कारंज्यापाशी गेले आणि भिंतीवर डकवली. मला वाटलं, झालं. आता काळी चौकट दिसली की ती समजेल, चौकट समजायला वाचता यावं लागत नाही.

पाचला लोक निघाले. मोटार कारंज्यासमोरच थांबते. आधी दोघं-तिघं थबकले, मग वीस झाले. जो वाचायचा तो मागे सरकायचा आणि दुसरीकडे बघायला लागायचा. सेराफिना आणि व्हीतो गल्लीतून आले, पिशवी दोघांच्या मध्ये धरून.

“कोण गेलं?” तिने विचारलं. “सकाळी तर काही नव्हतं. म्हातारा बाझिलियो का?”

व्हीतोने वाचलं. त्याचे कान लाल झाले आणि मग पांढरे पडले.

“आई, दादाचं नाव आहे.”

तेवढ्यात स्काल्झी आला. धावला नाही. कागदासमोर उभा राहिला, मान वाकडी करून चारही कोपरे बघितले.

“शिक्का कुठे आहे?” त्याने मोठ्याने विचारलं. “कुणाला दिसतोय का शिक्का? नाही ना? मग हा कागदच नाही. कुणाचा तरी विकृत चेष्टेखोरपणा आहे.”

“माझा आहे,” मी म्हटलं आणि पुढे झाले. “मी छापला. पत्रंही मीच लिहिली. सेराफिना, ऐक माझं. तुल्लियो खरं बोलला होता. बकरीचं मी लिहिलं, माझ्या खिडकीतून ऐकू येतं सगळं. नाकाचं मी लिहिलं, तापाचं मी लिहिलं. व्हीतोला धाड हेही मीच लिहिलं. आफ्रिका नाही कुठली. त्याला चढू देऊ नकोस.”

प्रॉस्पेरी गर्दीच्या कडेला उभा होता, गालावर हात. तो पुढे आला नाही, अजून नाही.

व्हीतोने पिशवी खाली ठेवली. तो आईकडे बघत होता. त्याला थांबायचं होतं, माझ्या डोळ्यांनी मी बघितलं. तिने एक शब्द काढला असता तर तो थांबला असता.

सेराफिना माझ्यापाशी आली. इतकी जवळ की तिचा श्वास लागत होता.

“एप्रिलमध्ये मी तुझ्या दारात आले,” ती म्हणाली. “माझा पोर मेलाय, कागद छाप म्हणाले. तेव्हा तू म्हणालीस शिक्का नाही. मी तीन दिवस विझलेल्या चुलीपुढे बसले. तेव्हा तो मेला नव्हता. मग तू त्याला जिवंत केलंस. मी तुला विचारलं होतं, इथेच, खरं ना गं? तू काय म्हणालीस?”

“खोटं बोलले. भ्याले होते.”

“आणि आज नाही भ्यालीस?”

“नाही.”

“म्हणजे तुला वाटेल तेव्हा माझा पोर मरणार आणि तुला वाटेल तेव्हा जगणार!” तिचा आवाज फाटला. “दोन्ही तुझ्याच हातचे कागद आहेत, मेले. मी कुठला धरू? ज्यात तो जिवंत आहे तो मी धरणार. तू कोण मला सांगणारी?”

ती वळली आणि भिंतीवरून कागद ओढला. खळ अजून ओली होती, सबंध निघून आला. तिने त्याचा बोळा केला, कारंज्यात टाकला, हात झग्याला पुसले. मग पिशवी उचलून व्हीतोच्या खांद्यावर अडकवली.

“जा. दादा वाट बघत असेल.”

“आई, पण...”

“जा म्हणते ना!”

तिने स्वतःच्या हाताने त्याला मोटारीच्या पायरीवर चढवलं, पाठीत ढकलून. मोटार वळणाआड गेली तेव्हा प्रॉस्पेरी माझ्यापाशी आला आणि म्हणाला, चला, एर्सिलियाबाई. मी त्याच्याबरोबर गेले.

मला सरकारविरोधकांना ठेवायच्या बेटावर धाडलं. तिथली वर्षं कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही, तिथे माझ्यापेक्षा कितीतरी बरी माणसं होती, जी खोटं न लिहिता तिथे आली होती. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात, दूचेंची राजवट पडल्यावर, मी परत आले. छापखान्याचं यंत्र कुणीतरी काढून नेलं होतं. स्काल्झी पळून गेला होता, त्याची फळी कुणीतरी जाळायला नेली होती. व्हीतो अडतीसच्या मार्चमध्ये स्पेनमध्येच पडला. त्याचं नाव मात्र यादीत आलं. त्याचा कागद शहरात छापून आला, जाड, गुळगुळीत, वर शिक्का, खाली वीरमरण. घंटा वाजली, बायका पातेली घेऊन आल्या, सगळं रीतीने झालं. क्विरिनोचं नाव कुठल्याच यादीत कधी आलं नाही.

परत आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी प्रार्थनेनंतर दार वाजलं. सेराफिना. केस पांढरे, पाठ वाकलेली, डोक्यावर काळी शाल, ती व्हीतोसाठी. मला कोमारे म्हणाली नाही. माझं नावही घेतलं नाही. टेबलाशी बसली आणि चोळीतून चार पानं काढली, घड्यांवर झिजून भोकं पडलेली.

“मला वाचून दाखवणारा कुणी उरला नाही,” ती म्हणाली. “वाच.”

मी तिच्याकडे बघितलं. तो मेलाय हे तिला ठाऊक आहे का, की अजूनही तो येईल असं वाटतं? मी विचारलं नाही. विचारायचा अधिकार मी केव्हाच घालवला. मी वाचलं. त्याच्या आवाजात वाचलं, जसं लिहिलं होतं तसं. नाकाच्या ओळीला ती हसली.

तेव्हापासून ती दर रविवारी येते. पाणीसुद्धा पीत नाही माझ्याकडचं. ऐकते, पानं घडी करते, जाते. चौथ्या पत्रातली व्हीतोची ओळ मी पहिल्या दिवसापासून गाळायचे. रस्त्याच्या ओळीवरून सरळ खालच्या नावावर यायचे. तिला वाचता येत नाही, कसं कळणार?

मागच्या रविवारी मी चौथं पत्र संपवलं आणि पान खाली ठेवलं. ती उठली नाही.

“एक ओळ राहिली,” ती म्हणाली.

“कुठली?”

“तुला ठाऊक आहे कुठली. भोंग्यावर ऐकली तेव्हापासून पाठ आहे मला.” तिने पान उचललं आणि परत माझ्या हातात दिलं. “वाच ती.”

मी म्हटलं, सेराफिना, नको गं. पाया पडते तुझ्या.

“वाच,” ती म्हणाली. “तू लिहिलीस ना? मग वाच.”

मी वाचली.